पेपर पाठवण्याआधी आणि छापून आल्यावर : सांगली-साताऱ्याच्या संशोधकांचे नेहमीचे प्रश्न

कॅसची, म्हणजे बढतीची, फाईल तयार करणारे प्राध्यापक, पीएचडीचे विद्यार्थी आणि महाविद्यालयाचा संशोधन अंक सांभाळणारे संपादक शोधनिबंधांबद्दल, म्हणजे पेपरबद्दल, वर्षभर जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. नियम देशभर, काही तर जगभर सारखेच आहेत. उदाहरणं मात्र आपल्या भागातली घेतली आहेत, कारण घोळ नेमका कुठे होतो हे ओळखीच्या कामात लवकर दिसतं.

पेपरवर नाव कुणाचं लागतं?

वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने, म्हणजे आयसीएमजेईने, चार अटी घातल्या आहेत आणि आता इतर शाखाही त्या मानतात. कल्पना, आखणी, माहिती गोळा करणं किंवा तिचं विश्लेषण यात ठोस वाटा हवा. मसुदा लिहिण्यात किंवा त्यातला आशय तपासून सुधारण्यात हात हवा. छापायच्या शेवटच्या प्रतीला होकार दिलेला हवा. आणि पेपरमधल्या कशावरही प्रश्न आला तर उत्तर द्यायची जबाबदारी घेतलेली हवी. चारही अटी पूर्ण व्हाव्या लागतात, तीन पुरत नाहीत.

तासगावच्या द्राक्षबागांतल्या मातीवरचा पेपर घेऊ. बागेत नमुने काढू देणारे बागायतदार, नमुने वाळवून चाळून देणारे प्रयोगशाळा सहायक, उपकरण वापरू देणारे विभागप्रमुख आणि आकडेमोड करून देणारे संख्याशास्त्राचे सर असे चौघे मदतीला होते. पहिल्या तिघांची जागा ऋणनिर्देशात. संख्याशास्त्राच्या सरांनी फक्त आकडे चालवून दिले असतील तर त्यांचीही तिथेच. पण कोणती चाचणी लावायची हे त्यांनी ठरवलं, निष्कर्षाचा भाग लिहिला, शेवटची प्रत वाचून होकार दिला आणि पेपरची जबाबदारीही घेतली असेल, तर ते लेखक आहेत.

याच अटींचा उलटा वापरही होतो. काम केलेल्या विद्यार्थ्याला मसुदा दाखवायचाच नाही आणि मग ‘त्याने लिहिलं कुठे?’ म्हणून नाव गाळायचं. पहिली अट पूर्ण करणाऱ्याला बाकीच्या तीन पूर्ण करायची संधी द्यायची असते, असं त्याच नियमावलीत स्पष्ट म्हटलं आहे.

विभागप्रमुखांचं नाव मानाने लावलं तर कुठे बिघडतं?

मान द्यायला ऋणनिर्देश आहे. लेखकांच्या यादीतलं नाव म्हणजे ‘या कामाचा जाब मला विचारा’ असं सांगणं. न केलेल्या कामावर नाव लावणं हा गैरप्रकारच आहे, लावणाऱ्याचाही आणि लावून घेणाऱ्याचाही.

यामागे बढतीच्या गुणांचा हिशोबही असतो. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांनुसार दोन लेखक असतील तर प्रत्येकाला एकूण गुणांच्या ७० टक्के मिळतात. दोनपेक्षा जास्त असतील तर पहिल्या किंवा पत्रव्यवहार पाहणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि इतर प्रत्येकाला ३० टक्के. म्हणजे मानाचं एक तिसरं नाव आलं की खरं काम केलेला दुसरा लेखक ७० वरून ३० वर येतो. बहुतेक वेळा हा दुसरा लेखक नोकरीच्या शोधात असलेला विद्यार्थी असतो.

गाईडचं नाव लागतंच ना?

पदामुळे नाही, कामामुळे लागतं. विषय ठरवण्यापासून मसुदा सुधारण्यापर्यंत गाईड सोबत असतील तर ते लेखक आहेतच, आणि अशा गाईडना न सांगता पेपर टाकणं चूक आहे. पीएचडी संपल्यावर विद्यार्थ्याने स्वतंत्रपणे नवं काम केलं असेल तर त्यावर गाईडचं नाव येत नाही.

नावांच्या क्रमावरून होणारी भांडणं कशी टाळायची?

काम सुरू करतानाच एका ईमेलमध्ये तीन गोष्टी लिहून सगळ्यांना पाठवा: लेखक कोण, क्रम काय, पत्रव्यवहार कोण बघणार. कामाचा वाटा बदलला तर पुन्हा ईमेल करा. कोणी काय केलं हे लिहायला ‘क्रेडिट’ ही १४ भूमिकांची यादी वापरा. कल्पना, माहितीची साफसफाई, विश्लेषण, पहिला मसुदा, देखरेख, निधी असे वाटे तीत वेगवेगळे मांडलेले असतात. पेपर पाठवल्यानंतर नाव वाढवायचं किंवा काढायचं असेल तर जुन्या-नव्या सर्व लेखकांचं लेखी संमतीपत्र मागतात. पेपर स्वीकारला गेल्यावर अचानक नवं नाव आलं की संपादकांना शंका येते आणि ती रास्तच आहे, कारण स्वीकारलेल्या पेपरवरची जागा पैसे घेऊन विकण्याचा धंदा याच टप्प्यावर चालतो.

ऋणनिर्देशात नाव घालण्याआधी त्या व्यक्तीचा होकार घ्या. नाव वाचून त्यांचाही निष्कर्षांना पाठिंबा आहे, असा वाचकाचा समज होतो.

सॉफ्टवेअरने मोजलेली सिमिलॅरिटी, म्हणजे इतरांशी जुळणारा मजकूर, १० टक्क्यांच्या आत आली. आता प्रश्न मिटला ना?

नाही. सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांत चार पातळ्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. १० ते ४० ही पहिली पातळी, ४० ते ६० दुसरी आणि ६० च्या वर तिसरी. प्रबंधाच्या बाबतीत पहिल्या पातळीला ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त ६ महिन्यांत, सुधारलेली प्रत द्यावी लागते. दुसऱ्या पातळीला एक वर्ष सुधारित प्रत देता येत नाही. तिसऱ्या पातळीला नोंदणी रद्द होते. शोधनिबंधाच्या बाबतीत तिन्ही पातळ्यांना पेपर मागे घ्यायला सांगतात. त्याशिवाय दुसऱ्या पातळीला एक वार्षिक वेतनवाढ जाते आणि २ वर्षं नवे विद्यार्थी घेता येत नाहीत; तिसऱ्या पातळीला लागोपाठ दोन वेतनवाढी जातात आणि ३ वर्षं नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. बढती आधीच मिळालेली असली तरी सुटका नाही, तिचा लाभ काही काळ स्थगित करता येतो.

मोजताना संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, कायद्यांची नावं, प्रमाणित सूत्रं आणि सलग १४ शब्दांपर्यंतचे योगायोगाने जुळणारे सर्वसाधारण शब्द वगळतात.

पण सॉफ्टवेअर शब्द जुळवतं. चोरी झाली की नाही हे ते सांगत नाही. ८ टक्क्यांच्या अहवालात ते सगळे ८ टक्के एकाच पेपरच्या निष्कर्षातून, श्रेय न देता आलेले असू शकतात, ती चोरीच. उलट २२ टक्क्यांच्या अहवालात पद्धतीच्या भागातली ठरलेली वाक्यं आणि सर्वेक्षणाची प्रश्नावली तेवढीच असू शकते. म्हणून आकडा बघून अहवाल मिटू नका. रंगवलेला प्रत्येक भाग उघडा, स्रोत बघा आणि तीनच गोष्टी विचारा: श्रेय दिलं आहे का, शब्द जसेच्या तसे घेतले असतील तर अवतरणचिन्हं आहेत का, आणि हा विचार माझा असल्यासारखा तर मांडलेला नाही ना?

‘प्लॅग काढून देतो’, म्हणजे जुळणारी टक्केवारी उतरवून देतो, म्हणणाऱ्या दुकानांपासून लांब राहा. तिथे शब्द बदलणाऱ्या साधनात मजकूर घालतात आणि शास्त्रीय संज्ञांचं वाटोळं होतं. २०२१ साली गियोम कबानाक आणि सहकाऱ्यांनी अशा विद्रूप शब्दप्रयोगांवर बोट ठेवलं. ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बूझम पेरिल’ आणि ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ झालेले पेपर छापून आले होते. असे पेपर शोधणारी साधनं आता आहेत आणि जुने पेपरही त्यांत सापडतात.

मराठी शोधनिबंधात ही तपासणी कितपत चालते?

अर्धवट चालते, आणि कारण बहुधा फॉन्टचं असतं. डीटीपीच्या दुकानात जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण फाईलच्या पोटात ती रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. सॉफ्टवेअरला ती निरर्थक वाटतात आणि अहवाल शून्य-एक टक्का येतो. त्या अहवालाला काहीही किंमत नाही. फाईलमधला एक परिच्छेद कॉपी करून मोबाईलच्या व्हॉट्सअॅपमध्ये चिकटवा. मराठीच दिसलं तर फाईल युनिकोडमध्ये आहे. अगम्य चिन्हं दिसली तर आधी रूपांतर करून घ्या आणि मग जोडाक्षरं व रफार डोळ्यांनी तपासा, कारण रूपांतरात मोडतात ते तेच.

अनुवाद हा दुसरा सांधा. इंग्रजी किंवा हिंदी लेख मराठीत आणला की सॉफ्टवेअर गप्प बसतं, पण मूळ लेखकाचं श्रेय न देता केलेला अनुवाद ही चोरीच आहे. याबाबतीत आपल्या वाईचा कित्ता आहे. मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, आणि नोंद मूळ इंग्रजीत लिहिलेली असेल तर इंग्रजी लेखक व मराठी करणारा अशी दोन्ही नावं वेगळी दाखवलेली असतात.

माझाच जुना मजकूर मी पुन्हा वापरला तर?

जुन्या पेपरचा हवाला देऊन, गरजेपुरता वापरला तर चालतो. तोच पेपर शीर्षक बदलून दुसरीकडे छापला आणि दोन्हींचे गुण घेतले, तर ती फसवणूक आहे. २०२० साली यूजीसीने यावर स्वतंत्र सूचना काढली आहे. एकाच सर्वेक्षणाचे तुकडे पाडून पाच पेपर करणंही यातच मोडतं. कोयना खोऱ्यातल्या विस्थापित कुटुंबांच्या एकाच पाहणीतून उत्पन्नावर एक, शिक्षणावर एक, आरोग्यावर एक पेपर निघतो आणि नमुना एकच आहे हे कुठेच सांगितलेलं नसतं. वाचकाला वाटतं, तीन वेगवेगळ्या अभ्यासांनी हेच सांगितलं. प्रश्न खरोखर वेगळे असतील तर वेगळे पेपर जरूर करा, पण प्रत्येकात बाकीच्यांचा उल्लेख हवा.

दोन जर्नलना एकाच वेळी पाठवू का? उत्तर यायला फार उशीर लागतो.

नाही. आधीच्या जर्नलला लेखी कळवून पेपर मागे घ्या, त्यांची पोच मिळू द्या, मगच दुसरीकडे पाठवा.

यूजीसी-केअर यादी बंद झाली. आता खरं जर्नल ओळखायचं कसं?

यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर ही मान्य जर्नलांची यादी थांबवली आणि निवडीची जबाबदारी संस्थांवर व संशोधकांवर टाकली. यादी असतानाही सगळं आलबेल नव्हतं. केअरच्या आधीच्या यादीतून मे २०१८ मध्ये ४,३०५ जर्नलं एकदम काढावी लागली होती. त्यामुळे तपासायची सवय तशीही लागणारच होती. अर्धा तास द्या आणि पुढच्या क्रमाने जा.

आधी आयएसएसएन. आठ अंकी क्रमांक आयएसएसएन पोर्टलवर घालून नाव, देश आणि प्रकाशक जुळतो का बघा. हा क्रमांक फक्त ओळखीसाठी असतो. भारतात तो दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून मोफत मिळतो. ‘आयएसएसएन मान्यताप्राप्त’ असं लिहून दर्जाचा दावा करणारं जर्नल तिथेच संशयास्पद ठरतं.

मग जुने अंक उघडा. एकाच अंकात मृदाशास्त्र, संत साहित्य, जीएसटी आणि योगासनं शेजारीशेजारी असतील तर ते सगळं तपासणारे तज्ज्ञ या मंडळाकडे असणं अवघड आहे. दोन-तीन पेपरचे डीओआय, म्हणजे त्यांचे ऑनलाइन ओळख क्रमांक, डीओआय डॉट ऑर्गवर टाकून बघा. खोटे असतील तर उघडत नाहीत किंवा भलत्याच पेपरवर जातात.

नंतर संपादक मंडळ. दोन सदस्यांची नावं त्यांच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधा आणि तिथल्या पत्त्यावर ईमेल करून विचारा. आपलं नाव मंडळात आहे हे खुद्द त्या माणसालाच माहीत नसतं, असं पुष्कळदा होतं.

इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या पेपरांना सरासरी किती हवाले मिळतात तो आकडा, दिला असेल तर तो क्लॅरिव्हेट कंपनीच्या वार्षिक अहवालातला आहे का? मिळत्याजुळत्या नावांचे आकडे पैसे भरून मिळतात. स्कोपस या निर्देशसूचीत असल्याचा दावा असेल तर स्कोपसच्याच मोफत यादीत बघा, आणि त्यातला बंद केलेल्या जर्नलांचा भागही न विसरता बघा. मुक्त प्रवेशाचं, म्हणजे कुणालाही मोफत वाचता येणारं, जर्नल असेल तर डीओएजे ही निर्देशिका आहे.

शेवटी छापण्याआधी तज्ज्ञांकडून होणाऱ्या तपासणीचा काळ. ‘३ दिवसांत स्वीकृती, ७ दिवसांत छपाई’ असा व्हॉट्सअॅप संदेश आला तर तिथे कुणी काही वाचत नाही. २०१३ साली विज्ञान पत्रकार जॉन बोहॅनन यांनी ढोबळ चुका पेरलेला बनावट पेपर ३०४ मुक्त जर्नलांना पाठवला होता. १५७ जर्नलांनी तो स्वीकारला.

फी घेतात म्हणून जर्नल खोटं ठरत नाही. फी किती, कधी आणि कशाची हे आधीच जाहीर केलेलं आहे का, ते महत्त्वाचं.

चांगल्या जुन्या जर्नलच्या नावाने बनावट संकेतस्थळ काढण्याचे प्रकारही होतात. भारतातली छापील जर्नलं याला सहज बळी पडतात, कारण अनेकांचं स्वतःचं संकेतस्थळ नसतं. अशा वेळी छापील अंकावरच्या पत्त्यावर किंवा फोनवर विचारून खात्री करा.

फसव्या जर्नलकडे पेपर गेलाच आहे. काय करू?

छापून आला नसेल आणि हक्कपत्रावर सही केली नसेल तर ‘पेपर मागे घेत आहे’ असा ईमेल करा, उत्तराची प्रत जपा. मागे घ्यायचे म्हणून ते पैसे मागतील, देऊ नका. छापून आला असेल तर तोच पेपर दुसरीकडे नवा म्हणून देता येत नाही. पुढच्या संपादकाला सगळी हकीकत आधी सांगा, काही संपादक विचार करतात. आणि कॅसच्या फाईलमधून तो पेपर स्वतःहून काढून टाका. मागाहून कुणी तो दाखवून देण्यापेक्षा हे फार बरं.

एकदिवसीय परिषदेच्या विशेषांकातला पेपर धरतात का?

तपासणी खरी झाली असेल तर धरावा. नोंदणी शुल्कातच ‘आयएसएसएनसह छपाई’ असेल, आलेले सगळे पेपर छापले असतील आणि एकाही लेखकाला दुरुस्तीचा शेरा आलेला नसेल, तर तिथे तपासणी झालेली नाही. आयोजकांनी प्रत्येक पेपरचे शेरे आणि नाकारलेल्या पेपरांची नोंद ठेवावी. कुणी विचारलं तर दाखवायला तेवढंच असतं.

पीएचडीसाठी पेपर छापण्याची यूजीसीची सक्ती २०२२ च्या नियमांत उठली आहे. तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली आहे का, तेवढं परिपत्रकात पाहा आणि मगच घाई करायची की नाही ते ठरवा.

माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिक समितीची मंजुरी नंतर घेतली तर?

नंतर मिळत नाही. काम सुरू होण्याआधीच घ्यावी लागते, आणि मागची तारीख घालून दिलेलं पत्र हा स्वतंत्र गुन्हा आहे. मिरजेच्या रुग्णालयांतल्या केसपेपरांवर काम करणाऱ्यांना वाटतं, ‘रुग्णाला हातही लावला नाही, मग मंजुरी कशाला?’ आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ओळख पुसलेल्या नोंदींसाठी संमतीतून सूट मिळू शकते, पण ती सूट समिती देते. संशोधकाने स्वतःच गृहीत धरायची नसते. औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या देशाच्या चाचणी-नोंदवहीत नोंदणी हवी.

समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, मराठीच्या अभ्यासकांनाही हे लागू आहे. ऊसतोड कामगार, आशाताई, शाळेतली मुलं यांच्या मुलाखतींना संमती हवी, मुलांसाठी पालकांचीही. आणि ‘जत तालुक्यातल्या एका गावच्या महिला सरपंच’ असं लिहून नाव लपत नाही. गाव, वय, पद, वर्ष यांपैकी दोन गोष्टी एकत्र आल्या तरी तालुक्यात ती व्यक्ती ओळखू येते.

कास पठारासारख्या ठिकाणच्या नमुन्यांना वनविभागाची परवानगी लागते. तिचा क्रमांक पेपरमध्ये द्या. परदेशी सहकाऱ्याकडे नमुने जाणार असतील तर आधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावं लागतं. सेरोपेजियासारख्या, म्हणजे आपल्या कंदीलपुष्पांच्या, दुर्मीळ जातींची नेमकी जागा अक्षांश-रेखांशासह छापू नका. कंद खणून नेणारे लोकही पेपर वाचतात.

फोटो ‘साफ’ करणं कुठपर्यंत चालतं?

पूर्ण चित्राचा उजेड किंवा कॉन्ट्रास्ट सारखा बदलला तर चालतो, पण तसं सांगा. एखादा डाग पुसणं, पट्टी हलवणं, एकच चित्र फिरवून दुसऱ्या नमुन्याचं म्हणून लावणं चालत नाही. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली जैववैद्यकातले २०,६२१ पेपर डोळ्यांनी तपासले, ३.८ टक्क्यांत चित्रांची शंकास्पद पुनरावृत्ती आढळली. मूळ, न कापलेली फाईल जपून ठेवा. संपादक तीच मागतात.

एआयने मसुदा लिहून घेतला तर सांगावं लागतं का?

हो, कोणतं साधन कशासाठी वापरलं ते पद्धतीच्या भागात लिहा. एआय लेखक होऊ शकत नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही. संपादकांच्या कोप या संस्थेने २०२३ मध्येच हे स्पष्ट केलं. सर्वांत मोठा धोका बनावट संदर्भांचा. मराठी विषयांत एआय खऱ्या लेखकाचं नाव, खरी प्रकाशनसंस्था आणि कधीच न निघालेलं पुस्तक असं बेमालूम जोडून देतं. पुस्तक हातात घेऊन पान बघितल्याशिवाय संदर्भ घालू नका.

तपासणीसाठी आलेला पेपर ओळखीच्याच माणसाचा निघाला तर?

नाव झाकलेलं असलं तरी आपल्याकडे विषय आणि तालुका बघून लेखक कळतोच. सहलेखक, विद्यार्थी, त्याच विभागातला सहकारी, नातेवाईक किंवा ज्याच्याशी वाद आहे असा कुणी असेल तर संपादकांना दोन ओळींत कळवून पेपर परत करा. तपासायला आलेला पेपर विद्यार्थ्याला वाचायला देऊ नका, एआयमध्ये टाकू नका, त्यातली कल्पना वापरू नका. ‘माझे हे चार पेपर संदर्भात घाला’ असा शेरा विषयाला खरोखर गरज असेल तरच द्यायचा.

आमच्या महाविद्यालयाच्या अंकात प्राचार्यांचाच पेपर आला आहे.

येऊ शकतो. पण तो पेपर बाहेरच्या महाविद्यालयातल्या पाहुण्या संपादकाकडे सोपवा, दोन्ही तपासनीस बाहेरचे घ्या, आणि ‘लेखक प्रकाशक संस्थेचे प्राचार्य आहेत, निर्णयात त्यांचा सहभाग नव्हता’ अशी ओळ पेपरखाली छापा. लेखकाने सुचवलेल्या तपासनिसाचा ईमेल मोफत खात्यावरचा असेल तर संस्थेचा पत्ता शोधून खात्री करा. लेखकाने स्वतःच बनावट खातं काढून स्वतःचा पेपर तपासल्याचे प्रकार जगभर उघड झाले आहेत.

दुसऱ्याने माझा पेपर चोरला. तक्रार कुठे करू?

दोन ठिकाणी एकाच वेळी. जर्नलच्या संपादकांकडे, आणि ज्याने चोरला त्याच्या संस्थेकडे. दोन्ही मजकूर शेजारीशेजारी लावलेला तक्ता करा, पान आणि ओळ द्या, तुमच्या पेपरची तारीख दाखवा. ‘चोर’ असे शब्द टाळा, पुरावा बोलू द्या. संस्थेत आधी विभागीय समिती बघते, मग संस्थेची समिती. दोघींनाही प्रत्येकी ४५ दिवसांची मुदत आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्याला बाजू मांडायची संधी द्यावीच लागते.

माझ्याच छापलेल्या पेपरमध्ये चूक सापडली. गप्प बसू?

नको. तक्त्यातला आकडा चुकला आणि निष्कर्ष टिकत असेल तर दुरुस्ती छापून घ्या. निष्कर्षच कोसळत असेल तर पेपर मागे घ्या. प्रामाणिक चुकीमुळे स्वतःहून मागे घेतलेल्या पेपरच्या सूचनेत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि ते वाचणारा संशोधक तुमच्या पुढच्या पेपरवर जास्त विश्वास ठेवतो. मागे घेतलेला पेपर जर्नल सहसा पुसत नाही, त्यावर ठळक शिक्का मारून कारण जोडतं. अँड्र्यू वेकफिल्ड यांचा लस आणि ऑटिझमवरचा, अवघ्या १२ मुलांवरचा पेपर १९९८ साली आला आणि २०१० साली मागे घेतला गेला. मधल्या १२ वर्षांत किती आईबापांनी लस टाळली असेल, याचा विचार करून आपल्या चुकीची दुरुस्ती लवकर करा.

तुमच्या संदर्भसूचीतला एखादा पेपर मागे घेतलेला आहे का, हेही पाठवण्याआधी बघा. मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचची माहिती २०२३ पासून डीओआय देणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेकडे सर्वांना मोफत खुली आहे, आणि झोटेरो या साधनात संदर्भ ठेवत असाल तर अशा पेपरवर ते आपोआप लाल सूचना दाखवतं.